वाळू वाऱ्याला वेसण घालते काय?

हवा सडकेवरील संध्याकाळ

जयपूर शहराच्या जुन्या परकोटाबाहेर, नैऋत्येच्या बाजूस, सिविल लाइन्स नावाची वसाहत आहे. राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान याच भागात आहे. येथील एका रस्त्याचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. त्याला ‘हवा सडक’ असे म्हणतात. मे महिन्यातील एखाद्या दिवशी, उन्हाचा ताव उतरू लागला असता, या सडकेवर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. झाडांचे एक पानही हलत नसते. मग क्षितिजावर पिंगट रंगाची एक भिंत दिसू लागते. ती पाहता पाहता उंच होते, सूर्य तांबूस पडतो, आणि घराघरांतून खिडक्या बंद करण्याची एकच घाई उडते. थोड्याच वेळात सोसाट्याचा वारा अंगावर येतो, डोळ्यांत व दातांखाली कचकच जाणवते आणि समोरचे घरही दिसेनासे होते. राजस्थानात यालाच ‘आंधी’ म्हणतात.

आंधी ही नेहमीच केवळ गैरसोय नसते. २ मे २०१८ रोजी संध्याकाळी व रात्री राजस्थानच्या पूर्व भागात आणि उत्तर प्रदेशात धुळीची व मेघगर्जनेची जी वादळे झाली, त्यांत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अलवर, भरतपूर व धोलपूर हे राजस्थानातील जिल्हे आणि शेजारचा आग्रा जिल्हा यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. घरे पडली, झाडे व विजेचे खांब उन्मळले. महाराष्ट्रालाही असा अनुभव अगदीच अपरिचित नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईवर धुळीचे वादळ आले आणि घाटकोपर येथे एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जण दगावले.

अशा वेळी मनात सहज प्रश्न येतो तो वाऱ्याच्या जोराचा. वारा वाळू उडवतो हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु उडालेली वाळू उलट वाऱ्याचे काय करते? ती त्याला अडवते, की अधिक खवळवते, की त्याच्या अंगचा खळबळाट शांत करते? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची जवळजवळ शंभर वर्षे गेली आहेत.

जमिनीलगतचा वारा

जयपूरच्या जंतरमंतरात सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेले सम्राट यंत्र आहे. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. दर वर्षी आषाढी पौर्णिमेच्या सायंकाळी येथील ज्योतिषी त्याच्या माथ्यावर ध्वज धरतात आणि तो कोणत्या दिशेला फडकतो यावरून पावसाचे भाकीत करतात. भाकिताचा भाग सोडून दिला, तरी वारा पाहण्यासाठी उंच जागा निवडण्यात मर्म आहे. माथ्यावर ध्वज फडफडत असताना पायथ्याशी बसलेल्या माणसाच्या अंगावर केवळ झुळूक येत असते.

याचे कारण असे की, जमीन वाऱ्याला आपल्याकडे ओढून धरते. प्रत्यक्ष जमिनीला चिकटलेली हवा स्थिरच असते. तिच्यावरील थर थोडा अधिक वेगाने वाहतो, त्यावरील आणखी वेगाने. मोकळ्या सपाट जमिनीवर या वाढीचा एक सुबक नियम दिसून येतो. उंची दहापट केली की वेगात दर वेळी सारखीच भर पडते. समजा, १० मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटर आहे. मग साध्या मोकळ्या रानात १ मीटर उंचीवर तो सुमारे ६.१, १० सेंटिमीटरवर सुमारे ४.४ आणि १ सेंटिमीटरवर सुमारे २.६ मीटर इतका भरतो. मुंगीचा वारा आणि माणसाचा वारा एकच नव्हे, तो असा.

परंतु हा केवळ सरासरी हिशेब झाला. प्रत्यक्षात जमिनीलगतचा वारा कधीही पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे थराथरांनी सरकत नाही. त्यात लहानमोठे भोवरे सतत उठत, फुटत व मिसळत असतात. या अव्यवस्थित हालचालीस ‘संक्षोभ’ असे म्हणतात. चुलीवरचा धूर वर जाताना प्रथम सरळ दोरीसारखा दिसतो आणि मग एकाएकी विस्कटतो. ते विस्कटणे म्हणजेच संक्षोभ होय. भोवऱ्यांचे काम दलालासारखे असते. वरच्या वेगवान हवेचा संवेग ते खाली आणतात आणि खालची मंद हवा वर नेतात. जमिनीवर वाऱ्याचा जो ओढा पडतो, तो या भोवऱ्यांच्याच मार्फत. तेव्हा भोवऱ्यांत फरक पडला, तर वाऱ्याचा जमिनीवरील सारा अंमल बदलणार, हे उघड आहे.

जमिनीलगतची हवा किती वेगळी असते, याचा एक नामांकित शोध आपल्या पुण्यातच लागला. कृषिहवामानशास्त्राचे आद्य अभ्यासक ल. अ. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह १९३२ साली असे दाखवून दिले की, निवांत व निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून जमिनीपासून थोड्या सेंटिमीटर उंचीवर असते. वीतभर उंचीत निसर्गाने एवढे वैचित्र्य भरलेले असेल, अशी तोवर कोणाची कल्पना नव्हती. वाळूचीही बरीचशी लीला याच वीतभर उंचीत चालते.

उफणणीचा धडा

खळ्यावर शेतकरी उंच तिवईवर उभा राहून सुपातले धान्य वाऱ्यावर सोडतो. दाणे सरळ पायाशी पडतात, भूस दूर जाऊन पडते आणि बारीक फोलकट तर दिसेनासे होते. वारा एकच असतो. परंतु प्रत्येक कण स्वतःच्या वजनाप्रमाणे व आकाराप्रमाणे त्याला दाद देतो. वाळवंटात वाराही हेच करतो, आणि मातीची उफणणी होते.

गारगोटीच्या वाळूची घनता हवेच्या दोन हजार पटींहून अधिक असते. पाव मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर हवेत सोडला, तर तो सेकंदाला दीड ते दोन मीटर वेगाने खाली येतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा धुळीचा कण मात्र सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर खाली सरकतो. मध्यम वाऱ्यात भोवऱ्यांचा वर जाणारा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. तेव्हा धूळ तरंगत राहणार व वाळू खाली पडणार, हे ओघानेच आले. या दोहोंमधली सीमा सुमारे ०.०७ मिलिमीटर व्यासाच्या आसपास पडते.

यावरून कणांच्या तीन चाली ठरतात. बारीक धूळ हवेत तरंगते आणि शेकडो किलोमीटर जाते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेली धूळ मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली होती, ती अशीच. मध्यम वाळू उड्या मारीत पुढे जाते. कण उसळतो, वाऱ्याने पुढे रेटला जातो आणि तिरप्या रेषेत खाली येऊन आदळतो. या चालीस ‘उत्प्लवन’ म्हणतात. जाड रेती उडत नाही. उड्या मारणाऱ्या कणांचे धक्के खात ती जमिनीवरून सरपटते.

येथे एक नवलाची गोष्ट आहे. सर्वांत बारीक धूळ सर्वांत आधी उडेल, असे आपणास वाटते. वास्तविक तसे घडत नाही. बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात, आणि वाऱ्याचा ओढा त्यांना सोडवण्यास पुरा पडत नाही. सर्वांत सहज उठतो तो ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा कण. उड्या मारणारी ही वाळू जमिनीवर गोळ्यांसारखी आदळते आणि चिकटलेल्या धुळीला झोडपून मोकळी करते. म्हणजे आंधीची भिंत धुळीची असली, तरी ती उभारणारा मजूर वाळू होय.

बॅग्नॉल्डची कोडी

या विषयाचा पाया राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने घातला. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात लांबलांबच्या सफरी केल्या. वाळूच्या टेकड्यांची रेखीव ठेवण पाहून त्याला नवल वाटले. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनमध्ये वाऱ्याचा बोगदा, म्हणजेच वातविवर, बांधून त्यात वाळू उडवण्याचे प्रयोग केले. त्याचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. आज मंगळावरील टेकड्यांचा अभ्यास करणारेही त्याच ग्रंथापासून आरंभ करतात.

बॅग्नॉल्डने वाळू स्थिर असताना व उडत असताना, अशा दोन्ही वेळी वाऱ्याचा वेग वेगवेगळ्या उंचींवर मोजला. स्थिर वाळूवर त्यास वर सांगितलेला नियम आढळला. परंतु वाळू उडू लागताच चित्र पालटले. वारा कितीही वाढवला, तरी जमिनीपासून काही मिलिमीटर उंचीवर त्याचा वेग जणू एका आकड्याला खिळून राहिला. वेगवेगळ्या जोराच्या वाऱ्यांच्या आलेखरेषा त्या एका बिंदूपाशी येऊन मिळाल्या. त्याच्याही खाली तर वरचा वारा जसा वाढावा तसा खालचा वारा उलट मंद होत गेला!

याचा उलगडा असा आहे. जमिनीवरून उसळलेला कण जवळजवळ रिकाम्या हाती वर येतो. वर वेगवान हवा त्याला ढकलते आणि तो तिच्याजवळचा वेग उसना घेतो. मग तो वेग हवेला परत न करता तो खाली येतो आणि जमिनीवर आदळून उधळून टाकतो. प्रत्येक उडी म्हणजे हवेच्या तिजोरीतून काढलेली एक रक्कम. वारा वाढला की उडणारे कण वाढतात आणि कर्जही वाढते. अखेरीस जमिनीपाशी हवेच्या अंगात एवढाच ओढा उरतो की, नवे कण जेमतेम उसळते राहावेत. अधिक कण उडाले तर हवा थकते व कण कमी होतात. कमी उडाले तर हवा ताजीतवानी होते व कण वाढतात. अशा रीतीने वारा व वाळू आपसांत तोल साधतात.

या विचारास १९६४ साली पी. आर. ओवेन या शास्त्रज्ञाने गणिताचे रूप दिले. त्याने असे प्रतिपादन केले की, उड्या मारणाऱ्या वाळूचा थर वरच्या वाऱ्याला एखाद्या खरबडीत जमिनीसारखा भासतो. स्थिर वाळूची खरबड कणाच्या व्यासाच्या तिसाव्या हिश्शाएवढी धरतात. हे माप जर्मनीत योहान निकुराडझे याने नळ्यांच्या आतून वाळू चिकटवून केलेल्या व १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून आलेले आहे. पाव मिलिमीटरच्या वाळूसाठी ही खरबड मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरते. परंतु जोराच्या वाऱ्यात तीच वाळू उडू लागली की ओवेनच्या सूत्राप्रमाणे ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होते, म्हणजे चाळीसपटीहून जास्त! जमीन तीच, परंतु वाऱ्याच्या दृष्टीने जणू कोणी तिच्यावर रात्रीतून खडी पसरली आहे. खरबड वाढली म्हणजे वरच्या हवेवरील ओढा वाढतो आणि ओढा वाढला म्हणजे संक्षोभही वाढतो. वाळू अशा रीतीने जमिनीलगत वाऱ्याला वेसण घालते आणि त्याच वेळी त्याच्या वरच्या थरांना खवळवते.

धुळीचे ओझे

आता धुळीकडे वळू. धूळ उड्या मारीत नाही, ती तरंगते. परंतु तरंगती वस्तू फुकट तरंगत नाही. प्रत्येक कण सतत खाली पडू पाहतो आणि भोवऱ्यांना त्याला सतत वर उचलून धरावे लागते. डोक्यावर हंडा घेऊन जिना चढणाऱ्या माणसाचे श्रम जसे हंड्यापायी खर्ची पडतात, तशी भोवऱ्यांची शक्ती धुळीपायी खर्च होते. शिवाय धूळ खाली दाट व वर विरळ असते. त्यामुळे खालची हवा जड व वरची हलकी होते. अशी रचना स्थिर असते आणि ती भोवऱ्यांना दाबून टाकते. थंडीच्या रात्री शेकोटीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरतो. त्यामागेही खाली जड, वर हलकी अशी हवेची मांडणीच असते.

नद्यांच्या गढूळ पाण्यात हा परिणाम आधी ध्यानात आला. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत व्हॅनोनी याने गाळ मिसळलेल्या पाण्याच्या प्रवाहावर केलेले प्रयोग १९४६ साली प्रसिद्ध झाले. पुढे रशियात कोल्मोगोरोव्ह व बॅरेनब्लॅट यांनी गाळाच्या प्रवाहाचे गणित मांडले. १९७४ साली बॅरेनब्लॅट व गोलित्सिन यांनी तोच विचार धुळीच्या वादळांना लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. धुळीने भोवरे मंदावले की वरच्या हवेचा संवेग खाली पोहोचेनासा होतो. जमिनीचा लगाम ढिला पडतो आणि वरचा वारा अधिकच वेगाने धावू लागतो.

हा परिणाम केवढा असू शकेल, याचा अंदाज आपणही करू शकतो. समजा, जोराचा वारा सुटला आहे आणि दर घनमीटर हवेत १ ग्रॅम धूळ आहे. धुळीचा कण ०.०३५ मिलिमीटरचा, म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने पडणारा आहे. दोन मीटर उंचीवर वारा भोवऱ्यांना जी शक्ती पुरवतो, तिच्या हजारात सुमारे तीन भाग ही धूळ उचलून धरण्यात जातात. हा खर्च नगण्य आहे. परंतु उंचीबरोबर भोवऱ्यांचा हा पुरवठा घटत जातो. पन्नास मीटर उंचीवर तेवढीच धूळ असेल, तर खर्च शंभरात सुमारे आठ होतो, आणि धूळ पाचपट दाट असेल तर शंभरात सुमारे चाळीस! हा खर्च चौथ्या हिश्शाच्या आसपास गेला की भोवरे खचू लागतात. तेव्हा विरळ धुळीने काहीच बिघडत नाही. दाट धुळीने, तीही उंचावर पोहोचली तर, वाऱ्याची चालच बदलते.

मग आंधीचा जोर धुळीमुळे आहे, असे म्हणावयाचे काय? तसे मात्र नव्हे. जोसेफ, रायपाल व डेका या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९८० साली ‘मौसम’ या नियतकालिकात आंधीचे सविस्तर विवेचन केले. उन्हाळ्यात तयार होणाऱ्या उंच गडगडाटी ढगातून पाऊस पडू लागतो. परंतु खालची हवा इतकी कोरडी असते की त्याचे थेंब वाटेतच आटतात. आटताना ते हवा थंड करतात. थंड व जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चोहोकडे पसरते. तिच्या आघाडीलाच धुळीची भिंत उभी राहते. आंधी येताच तपमान झपाट्याने उतरते, ते यामुळेच. घनमीटरला १ ग्रॅम धुळीने हवा जेवढी जड होते, तेवढी ती सुमारे ०.३ अंश सेल्सिअस थंड केल्यानेही होते. आंधीत पारा कित्येक अंशांनी उतरतो. त्यापुढे धुळीचे वजन अल्पच म्हणावे लागेल. आंधीला जन्म देतो तो थंडावा. वाळू व धूळ तिच्या जमिनीलगतच्या चालीला वळण देतात.

भोवरे वाढतात की मरतात?

आतापर्यंत आपण कणांच्या समुदायाचा विचार केला. एकेक कण जवळच्या भोवऱ्याशी कसा वागतो, हेही पाहिले पाहिजे. धुळीचा बारीक कण हवेच्या वेगातला बदल सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात आत्मसात करतो. पाव मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. जमिनीपासून सेंटिमीटरभर उंचीवरचे भोवरे तर शतांश सेकंदात पालटतात. धूळ भोवऱ्याबरोबर नाचते, तर वाळू त्यातून दगडासारखी आरपार जाते. आरपार जाताना तिच्या मागे हवेची छोटी खळबळ उठते, जशी वेगाने गेलेल्या होडीमागे पाण्यात उठते.

म्हणून एकच कण कोठे संक्षोभ वाढवील व कोठे कमी करील, हे त्याच्या व भोवऱ्याच्या आकारांच्या प्रमाणावर अवलंबून राहते. गोर व क्रो यांनी १९८९ साली नळ्यांतील व फवाऱ्यांतील अनेक प्रयोगांची छाननी करून एक ठोकताळा सांगितला. कणाचा व्यास मोठ्या भोवऱ्यांच्या आकाराच्या दहाव्या हिश्शाहून लहान असेल तर संक्षोभ घटतो आणि त्याहून मोठा असेल तर वाढतो. मोकळ्या वाऱ्यात भोवऱ्याचा आकार जमिनीपासूनच्या उंचीबरोबर वाढतो. सेंटिमीटरभर उंचीवर तो सुमारे ४ मिलिमीटर धरता येईल. पाव मिलिमीटरचा कण तेथे सोळाव्या हिश्शाएवढा ठरतो, म्हणजे सीमेच्या अगदी जवळ. आणखी खाली तोच कण भोवरे उठवील आणि वर गेल्यास ते शमवील. नळीतला नियम वाळवंटाला जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे. तरी निरनिराळ्या संशोधकांना परस्परविरोधी निष्कर्ष का मिळाले, याचा उलगडा त्याने होण्यासारखा आहे. प्रत्येकाने आपापल्या उंचीवर मोजले होते.

मोजमाप करणे हीच मोठी अडचण आहे. तापलेल्या बारीक तारेने वारा मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेत उत्तम चालते. परंतु वाळूच्या माऱ्यात ती तार टिकत नाही. त्यामुळे मैदानात ध्वनीच्या वेगावरून वारा मोजणारी यंत्रे वापरतात. १९९० साली मान्सून-द्रोणीच्या सीमास्तराची भारतात जी मोठी पाहणी झाली, तीत जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथे ३० मीटर उंचीचे मनोरे उभारण्यात आले. राजस्थानच्या तापलेल्या वाळूवरील संक्षोभाची पद्धतशीर मोजणी त्यात झाली. चीनच्या गान्सू प्रांतात मिनचिनजवळ, आटून गेलेल्या एका सरोवराच्या पात्रात लानचौ विद्यापीठाने मनोऱ्यांची मालिका उभारली आहे. वाळूने भरलेल्या वाऱ्यातील भोवरे तेथे अनेक उंचींवर एकाच वेळी मोजतात. शेकडो मीटर लांबीचे प्रचंड भोवरेही या वाऱ्यात असतात आणि वाळूचे लोट जमिनीवरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकतात त्यात त्यांचाही हात असतो, असे अशा निरीक्षणांवरून दिसू लागले आहे.

आणखी एक शक्ती यात गुंतलेली आहे, ती म्हणजे वीज. कण एकमेकांवर घासले की त्यांच्यावर विद्युद्भार साचतो. बंगाल तोफखान्यातील शल्यवैद्य बॅडली याने भारतातील वावटळी व धुळीची वादळे यांवर १८६० साली पुस्तक लिहिले. त्यात त्याने धुळीच्या वादळातील विजेच्या खुणा नोंदवल्या होत्या. हा भार बारीक कणांना वर उचलण्यास किती हातभार लावतो, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग

एका ताटलीत मैद्याचा पातळ थर पसरून तो सपाट पट्टीने हलकेच दाबून गुळगुळीत करावा. त्यावरून एका बाजूने हातपंख्याने हळूहळू वारा घालावा. मैदा बारीक असूनही सहसा जागचा हलत नाही. आता पंख्याच्या बाजूला रव्याची चिमूट सोडून पुन्हा तेवढाच वारा घालावा. रव्याचे कण उड्या मारीत जातात, आणि ते जेथे आदळतात तेथून मैद्याचे लहान लहान ढग उठतात. हवा सडकेवर आंधीच्या वेळी जे घडते, त्याची ही छोटी प्रतिकृती होय. हा प्रयोग मोकळ्या जागी करावा. जवळ दिवा अथवा शेगडी मुळीच असू नये, कारण हवेत उडालेले पीठ पेट घेते.

ज्ञानाचा उपयोग

या साऱ्या सूक्ष्म विचाराचा सामान्य माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारील. हवामानाचे अंदाज आज गणकयंत्रांवर बांधले जातात. त्यांत जमिनीची खरबड एक ठरीव आकडा म्हणून घातली आणि प्रत्यक्षात वाळू उडताच ती चाळीसपट झाली, तर वाऱ्याचा अंदाज चुकणार. किती धूळ उठेल, विमानतळावर किती अंतरावरचे दिसेल, दम्याच्या रोग्यास केव्हा सावध करावे, हे सारे त्या आकड्यावर अवलंबून आहे. २०१८ च्या मेमधील त्या रात्री ज्यांची घरे पडली, त्यांच्या दृष्टीने तासाभराची अचूक सूचना म्हणजे जीव वाचण्याची संधी होती.

दुसरा उपयोग जमिनीच्या रक्षणाचा. वाऱ्याने वाहून जाणारी वाळू त्याच्या ओढ्याशी निगडित वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, असे बॅग्नॉल्डने दाखवून दिले. म्हणजे जमिनीलगत हा वेग निम्मा करता आला, तर वाळू निम्मी नव्हे, एक अष्टमांश होते. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९५९ साली झाली, हेच तत्त्व वापरून वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याची पद्धत रूढ केली. टेकडीवर वाऱ्याला आडव्या अशा काटक्यांच्या ओळी रोवतात, त्यांच्या आडोशाला रोपे व गवत लावतात. वाऱ्याचा ओढा काटक्या सोसतात आणि वाळूवर त्याचा थोडाच अंश पोहोचतो. आपल्या कोकणात किनाऱ्यालगत लावलेली सुरूची बने हेच काम निमूटपणे करीत असतात. वाळवंटाची वाळू आणि जयपूर यांच्यामध्ये अरवलीची जी रांग आहे, तिच्या खिंडींतील झाडोरा का राखावा, याचेही उत्तर या घनाच्या नियमात आहे. एकदा वाळू उसळू लागली की, पूर्वी लागला होता त्याच्या चार पंचमांश जोराचा वारादेखील तिला उसळत ठेवतो. म्हणून पहिला कण उठू न देण्यातच शहाणपण आहे.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत येऊ. वाळू वाऱ्याला वेसण घालते काय? जमिनीपासून बोटभर उंचीवर, होय. तेथे ती त्याचा वेग हिरावून घेते. तिच्या वर ती जमिनीला खरबडीत करून भोवरे वाढवते. आणि तिनेच मोकळी केलेली धूळ, पुरेशी दाट झाली तर, उंचावरील भोवरे शमवून वाऱ्याला पुन्हा मोकाट सोडते. एकाच मातीचे तीन आकार आणि तीन उंची, म्हणून तीन उत्तरे. पुढच्या उन्हाळ्यात वारा सुटेल आणि रस्त्यावरचा फुफाटा उठेल, तेव्हा खिडकी बंद करण्यापूर्वी क्षणभर खाली जमिनीकडे पाहावे. वीतभर उंचीवर सरसर धावणारा तो मातकट पट्टा त्या क्षणी वाऱ्याशी हिशेब करीत असतो.